कोवळं ऊन, मुडदूस आणि ग्लासगोचे डॉक्टर फिंडले: बाळाला ‘डी’ नेमकं कसं मिळतं

डिसेंबरात सकाळी आठ वाजता ठाण्यातल्या एखाद्या पूर्वेच्या गॅलरीत पाण्याची बाटली उभी करा. बाटली ३० सेंटिमीटर उंच असेल तर तिची सावली दीड मीटरच्या पुढे जाते, म्हणजे दोन फुटांच्या अडीच टाइल्सच्या आसपास किंवा जास्त. नेमक्या याच वेळी घराघरांत बाळाला न्हाऊमाखू घालून, टाळूवर तेल थापून, मांडीवर घेऊन कोवळ्या उन्हात बसवलेलं असतं. उन्हातून ‘डी’ जीवनसत्त्व मिळून हाडं बळकट व्हावीत म्हणून.

आता हीच बाटली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात, त्याच दिवशी, भर दुपारी बारा वाजता ठेवली तर सावली जवळपास तेवढीच पडेल. ग्लासगोत डिसेंबरच्या मध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून जेमतेम १० अंश वर येतो. ठाण्यातला सकाळी आठचा सूर्यही तेवढाच वर असतो. म्हणजे ज्या उन्हावर आपण बाळाची हाडं सोपवतो ते ऊन त्या तासाला ग्लासगोच्या हिवाळ्यातल्या उन्हासारखंच असतं. आणि शंभर वर्षांपूर्वीचं ग्लासगो मुडदुसासाठी, म्हणजे मुलांची हाडं मऊ पडून वाकण्याच्या आजारासाठी, कुप्रसिद्ध होतं.

म्हणून इथे आधी त्या शहरातल्या एका बालरोगतज्ज्ञाची गोष्ट थोडक्यात, मग ऊन कसं मोजायचं, थेंब कसे द्यायचे आणि मनगटं कशी तपासायची ते. गोष्ट यासाठी, की त्यांची चूक आणि आपली चूक सख्ख्या बहिणी आहेत.

फिंडले यांना काय दिसलं आणि काय निसटलं

लिओनार्ड फिंडले (१८७८–१९४७) हे ग्लासगोचे डॉक्टर. तिथल्या विद्यापीठाने १९२४ मध्ये बालरोगशास्त्राचं स्वतंत्र अध्यासन सुरू केलं तेव्हा पहिले प्राध्यापक म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे, त्याचे आजार वेगळे, त्याचं शिक्षणही वेगळं हवं, हे तेव्हा वैद्यकीय जगाला नुकतं कुठे पटू लागलं होतं. १९३० मध्ये ते ग्लासगो सोडून लंडनला गेले. पण त्यांचं नाव मुख्यतः जोडलं जातं ते मुडदुसाशी.

त्यांच्या शहरात कारखान्यांचा आणि घरोघरच्या कोळशाचा धूर, चार-चार मजली दगडी चाळी, एका खोलीत अख्खं कुटुंब. वाकड्या पायांची मुलं गल्लोगल्ली दिसायची. फिंडले यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग केले आणि १९०८ मध्ये निष्कर्ष छापले: कोंडून ठेवलेल्या पिल्लांना मुडदूस होतो, मोकळं फिरायला मिळालेल्यांना होत नाही. पुढे मार्गारेट फर्ग्युसन यांच्यासोबत त्यांनी ग्लासगोतल्या गरीब कुटुंबांची घरोघर पाहणी केली. तो अहवाल १९१८ चा. आजारी आणि निरोगी मुलांच्या घरातल्या जेवणात त्यांना फारसा फरक दिसला नाही. फरक दिसला तो घराच्या कोंदटपणात आणि मुलांना बाहेर नेण्या-न नेण्यात.

निरीक्षण बिनचूक होतं. अर्थ लावताना मात्र ते म्हणाले, हालचाल आणि मोकळी हवा नाही म्हणून मुडदूस होतो.

त्याच सुमारास लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनीही पिल्लांवरच प्रयोग करून दाखवलं की कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं तर मुडदूस होत नाही. म्हणजे कारण आहारात. दोन्ही गट हमरीतुमरीवर. तिकडे १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश दिला आणि हाडं भरून आली. गंमत म्हणजे प्रकाश एका हातावर दिला तरी दुसऱ्या हाताची हाडंही सुधारली. मूल पडल्या जागी पडलेलं होतं, व्यायामाचा संबंधच नव्हता. मग हॅरिएट चिक यांच्या चमूने व्हिएन्नातल्या बाळांवर दाखवलं की तेल आणि ऊन दोन्ही लागू पडतात. तेलातल्या घटकाला १९२२ मध्ये एल्मर मॅकॉलम यांच्या गटाने ‘व्हिटॅमिन डी’ असं नाव दिलं. तोच पदार्थ उन्हामुळे कातडीत तयार होतो, हे कळल्यावर भांडण मिटलं.

फिंडले यांची पिल्लं बाहेर गेली म्हणजे धावली, आणि धावता धावता उन्हातही गेली. दोन गोष्टी एकत्र घडल्या, श्रेय एकीलाच मिळालं. आपल्याकडे मालिश, गरम पाणी, धुरी आणि ऊन एकामागोमाग येतं. बाळ टुणटुणीत वाढलं की श्रेय सकाळच्या उन्हाला जातं. मालिशचे फायदे आहेत, ती चालू ठेवा. मालिशच्या तेलातून मात्र डी मिळत नाही.

बाटलीची सावली: ऊन कामाचं की नुसतं उबदार

कातडीत डी तयार करणारे किरण (अतिनील बी) वातावरणाच्या जाड थरातून तिरपे आले की वाटेतच शोषले जातात. उरतो तो उजेड आणि ऊब. त्यामुळे ऊन अंगाला सुखद लागतं तेव्हा बहुधा ते या कामाचं नसतं. ओळखायची साधी खूण: उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कामाचं. लांब असेल तर नाही. घड्याळ बघायची गरज नाही, बाटली आणि मोजपट्टी पुरते.

ठाणे-नवी मुंबईत हे तास ऋतूप्रमाणे चांगलेच बदलतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सावली बाटलीपेक्षा आखूड असते ती साधारण साडेअकरा ते दीड एवढाच वेळ. तेव्हाही ३० सेंटिमीटरच्या बाटलीची सावली २७-२८ सेंटिमीटर, म्हणजे काठावर पास. मेच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवसाच्या (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसाच्या) आसपास, हीच वेळ सकाळी साडेनऊपासून दुपारी पावणेचारपर्यंत पसरते. त्यामुळे मे महिन्यात बाराच्या उन्हात पोराला भाजून काढायचं कारण नाही, पावणेदहाला दहा मिनिटं पुरे. थंडीत मात्र शाळेत-पाळणाघरात जायच्या आधीचं ऊन निरुपयोगी, रविवारी दुपारी बाराला खाली उतरावं लागतं.

आपला मध्यान्ह बाराला होत नाही हेही लक्षात ठेवा. भारताची घड्याळं बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेली, त्यामुळे ठाण्यात सूर्य डोक्यावर येतो तो साडेबारा वाजून गेल्यावर.

गॅलरीची दिशा इथे कळीची. पूर्वेच्या गॅलरीत ऊन अकरापर्यंत असतं, म्हणून ती उन्हाळ्यात उपयोगी, थंडीत नाही. दक्षिणेची उलट: डिसेंबर-जानेवारीत भर दुपारी तिच्यात छान तिरपं ऊन येतं, पण मेच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला कललेला असतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब आडवा येतो. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये समोरच्या विंगची सावली हा आणखी एक हिशेब. खालच्या दहा मजल्यांना थंडीत ऊन मिळतच नाही असं सहज होतं. तिथे पोडियमवर किंवा बागेत जाणं सोपं. किसन नगरसारख्या भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत गच्चीच कामाची.

बंद काचेतून आलेलं ऊन धरू नका. स्लायडिंग खिडकीची साधी काच हे किरण अडवते, पण कातडी काळवंडवणारे दुसरे किरण आत सोडते. म्हणजे मूल काळवंडतं आणि डी शून्य. गच्चीवर किंवा गॅलरीवर टाकलेले पॉलिकार्बोनेटचे पत्रे, पावसाळ्यातली निळी ताडपत्री, यांच्याखालचं ऊनही तसंच. जाळी आणि ग्रिल चालतात.

किती वेळ? सहा महिन्यांखालच्या बाळाला दुपारचं थेट ऊन देऊ नका. अंगात पाणी कमी, घामाची यंत्रणा कच्ची, आणि आपल्याकडचा दमट उकाडा. त्याचं काम थेंबांवर चालतं. मोठ्या बाळाला आणि चालत्या मुलाला हात, पाय, चेहरा उघडा ठेवून दहा मिनिटांपासून सुरू करा आणि अर्ध्या तासापर्यंत न्या, आठवड्यातून तीन-चार दिवस. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. टोपडं, पायमोजे आणि फुल बाह्यांचं झबलं घालून तासभर बसवलं तर उन्हाला पोचायला कातडीच उरत नाही. कातडी तापलेली लागली की आत.

जून ते सप्टेंबर हा हिशेब बंद ठेवा. सूर्य उंच असतो हे खरं, पण ढगांचा भरवसा नाही.

जाता जाता: नवजात बाळाच्या काविळीवरही ‘कोवळ्या उन्हात धरा’ असं सांगितलं जातं. पिवळेपणा पहिल्याच दिवशी दिसला, किंवा पोटाखाली मांड्या-पायांपर्यंत उतरला, तर ऊन शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

थेंब: सगळ्यात सोपं काम, सगळ्यात जास्त चुका

आईचं दूध बाळासाठी उत्तम, पण त्यात डी अगदी कमी असतं: लिटरमागे साधारण २० ते ४० युनिट. बाळाला रोज लागतात ४००. आईने कितीही खारीक-खोबरं, डिंकाचे लाडू खाल्ले तरी ही तूट भरत नाही, आणि यात आईचा काही दोष नाही. म्हणून इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना जन्मानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांपासून वर्ष पूर्ण होईपर्यंत रोज ४०० युनिट द्यायला सांगते. वर्षानंतर गरज ६०० युनिटची. ती थेंब, ऊन आणि आहार यांतून मिळून भागवायची. लवकर जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाचा डोस वेगळा असू शकतो, तो डॉक्टरांनी लिहून दिलेलाच घ्या.

आता बाटली हातात घ्या. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या थेंबांची तीव्रता एकसारखी नसते. खोक्यावर ‘प्रत्येक मिलीमध्ये’ या शब्दांपुढे काय छापलंय ते वाचा. काहींत एका मिलीत ४०० युनिट असतात, काहींत ८००. ४०० वाली असेल तर ड्रॉपर १ मिलीच्या रेघेपर्यंत, ८०० वाली असेल तर अर्ध्या मिलीच्या रेघेपर्यंत. काही परदेशी बाटल्यांवर युनिटऐवजी मायक्रोग्रॅम असतात: १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट.

खरा धोका दुबईहून किंवा अमेरिकेहून मावशी-काकांनी आणलेल्या बाटलीत असतो. त्यातल्या काही प्रकारांत एका थेंबात ४०० युनिट असतात. एका मिलीत साधारण ३० थेंब धरले, तर आपल्या सवयीने भरलेला एक मिलीचा ड्रॉपर म्हणजे बारा हजार युनिट, रोज. अशी बाटली घरात असेल तर तिच्यावर मार्करने ‘फक्त १ थेंब’ असं लिहा, किंवा ती वापरूच नका. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला लावायचा नाही, धुऊनसुद्धा नाही. रेघा वेगळ्या असतात.

दुसरी चूक याहून वाईट. मोठ्यांसाठी ६०,००० युनिटची पुडी, कॅप्सूल किंवा ५ मिलीची इवलीशी बाटली मिळते. बाटली छोटी, चव गोड, म्हणून ती बाळाची वाटते. आईला आठवड्याला एक लिहून दिलेली असते आणि आजी ती बाळाला रोज पाजते, किंवा दुकानदार ‘डी द्या’ एवढंच ऐकून तीच काढून देतो. एक अशी बाटली म्हणजे बाळाचे १५० दिवसांचे डोस. चिठ्ठी दाखवूनच औषध घ्या आणि घरी आल्यावर आकडा पुन्हा वाचा. बाळाचे थेंब आणि आईच्या पुड्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा.

द्यायची पद्धत अशी. हात धुवा. बाळाला आडवं नको, डोकं थोडं वर उचलून धरा. ड्रॉपर जिभेच्या मध्यावर किंवा घशात न सोडता गालाच्या आतल्या बाजूला टेकवा आणि दोन-तीन वेळा थोडं थोडं दाबा. एकदम दाबलं तर ठसका लागतो. टोक हिरड्यांना लागलं असेल तर बाटलीत बुडवण्याआधी उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन कोरडं करा. दूध पाजण्याच्या आधी किंवा मध्येच दिलं तर बरं, पोट गच्च भरल्यावर दिलं की उलटीतून निघून जातं. दुधाच्या बाटलीत मिसळू नका: बाळ निम्मं दूध ठेवतं, डोस निम्मा होतो. तेलकट थेंब असतील तर ते बाटलीच्या कडेला चिकटून राहतात, ते वेगळंच.

वेळ ठरवताना रोज न चुकणारं काहीतरी धरा, आंघोळीनंतरचं पाजणं सगळ्यात सोयीचं. एक दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका, नेहमीचाच द्या. दोन माणसं थेंब देत असतील, आई सकाळी आणि आजी ‘दिले की नाही कोण जाणे’ म्हणून दुपारी, तर फ्रिजवर कॅलेंडर लावून टिक करा. अंदाज पडताळायचा सोपा मार्ग म्हणजे बाटली संपायची तारीख. ४०० युनिटवाली ३० मिलीची बाटली रोज एक मिलीने बरोबर ३० दिवस चालते. ८०० वाली १५ मिलीची अर्ध्या मिलीनेही ३० दिवस. उघडली ती तारीख लेबलवर लिहा. वीस दिवसांत संपली तर कुणीतरी जास्त देतंय, दोन महिने पुरली तर रोज दिलं जात नाहीये.

पावडरच्या दुधात डी घातलेलं असतं. बाळ दिवसाला लिटरभर असं दूध पीत असेल तर त्यातून ४०० च्या आसपास मिळतं, मग थेंब हवेत का ते डॉक्टरांना विचारा. अर्धवट आईचं, अर्धवट पावडरचं असेल तर थेंब चालूच. मल्टिव्हिटॅमिनच्या थेंबांतही डी असतं. दोन बाटल्या एकदम चालू असतील तर दोन्हींची बेरीज करा. कॉड लिव्हर ऑइल वरून देऊ नका, त्यात अ जीवनसत्त्वही असतं आणि तेही साठतं.

बेरीज का करायची याचंही उत्तर ब्रिटनमध्येच सापडतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर तिथे दूध पावडर, बाळांची सीरियल आणि तेल अशा सगळ्यांतूनच डी दिलं जात होतं. प्रत्येक गोष्ट वेगळी पाहिली तर ठीक, एकत्र केली तर फार. काही बाळांच्या रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलं. सरकारने १९५७ मध्ये प्रमाण उतरवलं, आणि १९६३ मध्ये ग्लासगोतल्या गॅव्हिन आर्नील या बालरोगतज्ज्ञांना सांगावं लागलं की बाळांतला मुडदूस शहरात परत आलाय. तिथल्या भारतीय-पाकिस्तानी कुटुंबांत तर तो मोठ्या मुलांतही होता. १९७९ पासून ग्लासगोत या मुलांसाठी मोफत डीची मोहीम चालली आणि मुडदुसाने रुग्णालयात दाखल होणारी मुलं झपाट्याने कमी झाली. घरं बदलली नव्हती, हवामान तर नाहीच. फक्त डोस नेमका आणि रोजचा झाला.

जास्त झाल्याच्या खुणा: भूक मंदावणं, उलट्या, चिवट बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि सारखी लघवी, मूल मलूल, वजन जागच्या जागी. यातलं काही दिसलं आणि डोसाबद्दल शंका असेल तर थेंब थांबवा आणि बाटली सोबत घेऊनच दवाखान्यात जा. रक्तातलं कॅल्शियम त्याच दिवशी तपासावं लागतं, कारण ते मूत्रपिंडात साठून बसतं.

नाचणी, दूध आणि तारली

डी हा गवंडी, पण विटा कॅल्शियमच्या. आपल्याकडे उन्हात हुंदडणाऱ्या पोरांनाही मुडदूस होतो तो बऱ्याचदा विटांच्या तुटवड्याने. वर्षापुढच्या मुलाला दिवसाला साधारण ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पाव लिटर दुधातून ३०० च्या आसपास मिळतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेहून थोडं जास्त. पण बाळाच्या वाटीत दोन चमचे, म्हणजे २० ग्रॅम पीठ जातं, त्यातून ७० मिळतं. ‘रोज नाचणी खातो’ म्हणून दूध-दही बंद करू नका. सहा महिन्यांनंतर नाचणी द्यायची ती भिजवून, मोड आणून, वाळवून, हलकी भाजून दळलेली: मोड आल्याने कॅल्शियम धरून ठेवणारा फायटेट कमी होतो. गाळून काढलेल्या सत्त्वात कोंड्याबरोबर कॅल्शियमही थोडं जातं, म्हणून मूल आठ-नऊ महिन्यांचं झालं की न गाळता द्या. तिळाची चटणी-कूट वर्षानंतर भातावर भुरभुरा.

दुधाचाही अतिरेक नको. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं की मूल जेवत नाही आणि अंगातलं रक्त कमी होतं. पिशवीवर ‘+एफ’ चिन्ह असलेल्या दुधात डी मिसळलेलं असतं, पण लिटरमागे २०० ते ३०० युनिटच. एका कपात पन्नास-साठ. चांगलं आहे, पुरेसं नाही.

मासे खाणाऱ्या घरात तारली आणि बांगडा हे डीच्या दृष्टीने पापलेटपेक्षा सरस आणि खिशाला स्वस्त. तारली कुकरला मऊ शिजवून काट्यासकट कुस्करली तर कॅल्शियमही मिळतं. पण दोन वर्षांखालच्या मुलाला देताना काटा बोटांनी चुरून, चाचपून बघायचाच.

मनगट, बरगड्या, पाय: घरी काय बघायचं

लसीकरणाच्या तारखा, म्हणजे ६, १०, १४ आठवडे, ९ महिने आणि दीड वर्षाच्या आसपास, या तपासणीच्या तारखा धरा. वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

मनगट आधी बघा. बाळाचा हात सैल धरून अंगठा आणि तर्जनीने मनगटाची दोन्ही टोकं चाचपा. मुडदुसात इथे हाड रुंद, फुगीर लागतं, जणू एक जादा सांधा. गुबगुबीत बाळाच्या मनगटावर वळी असतेच, ती मऊ. हे टणक लागतं. मग छातीवर, स्तनाग्रांच्या थोडं खाली आणि आतल्या बाजूला, बरगड्यांवरून बोट फिरवा. दोन्हीकडे ओळीने मण्यांसारख्या गाठी लागल्या तर दाखवा. टाळू दीड वर्षापर्यंत भरते. त्यानंतरही उघडी असेल, दीड वर्षाचं होऊनही मूल चालत नसेल, वर्ष उलटून गेलं तरी एकही दात नसेल, सतत छातीत कफ भरत असेल, तर थांबू नका. डोक्याला घाम येणं मात्र आपल्याकडच्या हवेत काही सिद्ध करत नाही.

पायांबद्दल घबराट फार. दोन वर्षांपर्यंत पाय बाहेरच्या बाजूला थोडे वाकलेले असणं आणि तीन-चार वर्षांच्या वयात गुडघे आत येणं हे वाढीतच असतं, सात वर्षांपर्यंत सरळ होतं. मोजा आणि लिहून ठेवा: घोटे जुळवून उभं केल्यावर दोन गुडघ्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटरच्या वर, किंवा गुडघे जुळवल्यावर घोट्यांमधलं अंतर ८ सेंटिमीटरच्या वर गेलं, वाक एकाच पायात असला, किंवा तीन महिन्यांत आकडा वाढला, तर तपासणी हवी. दर महिन्याला त्याच जागी उभं करून फोटो काढला तर डॉक्टरांनाही उपयोग होतो.

एक गोष्ट मात्र तातडीची: लहान बाळाला ताप नसताना झटके येणं. रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली गेलं की असं होतं, आणि अंगावर मुडदुसाची एकही खूण नसतानाही होऊ शकतं. कांदा हुंगवणं, तोंडात चमचा घालणं यात वेळ घालवू नका. कुशीवर वळवा आणि थेट रुग्णालय. ठाण्यात कळव्याच्या महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयापासून जवळच्या कुठल्याही बालरुग्णालयापर्यंत जे आधी गाठता येईल ते.

निदान झालंच तर

निरोगी बाळाची डीची रक्ततपासणी उगाच करून घेऊ नका, पैसे जातात आणि आकड्यावर उपचार सुरू होतात. शंका असेल तेव्हा मनगटाचा एक्स-रे जास्त बोलका: हाडाचं टोक सरळ रेघेऐवजी वाटीसारखं खोल आणि झालर उसवल्यासारखं दिसतं. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेस हे एन्झाइम वाढलेलं असतं. डीची पातळी रक्ताच्या मिलीमागे १२ नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, २० च्या वर पुरेशी, १०० च्या वर विषारी होण्याची शंका.

उपचाराचा डोस रोजच्या थेंबांपेक्षा बराच मोठा, बाळाला साधारण २००० युनिट रोज, किमान तीन महिने, सोबत कॅल्शियम. तो डॉक्टर ठरवतात. इथे होणारी चूक एकच: कॅल्शियमचं सिरप गॅस करतं म्हणून घरचे ते बंद करतात आणि डी चालू ठेवतात. भुकेलं हाड मग रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि झटके येऊ शकतात. पोट दुखत असेल तर कॅल्शियम जेवणासोबत विभागून द्या, थांबवू नका. आणि ते लोहाच्या सिरपसोबत एकाच वेळी नको. मध्ये दोन तास जाऊ द्या.

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला की हाडाच्या टोकाशी नवी पांढरी रेघ दिसायला हवी. दिसली तर औषध लागू पडलंय. तीन महिने नीट डोस देऊनही दिसली नाही तर डीचा आणखी एक मोठा डोस मागू नका. फॉस्फेट किंवा मूत्रपिंडाशी संबंधित वेगळा मुडदूस असू शकतो आणि त्याचा तज्ज्ञ वेगळा. वाकलेले पाय सरळ व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. हाड अजून मऊ असताना बूट, पट्ट्या किंवा शस्त्रक्रियेची घाई करायची नाही. तोवर घोट्यांमधलं-गुडघ्यांमधलं अंतर दर महिन्याला त्याच कॅलेंडरवर, थेंबांच्या टिकांशेजारी लिहीत राहा.